प्रातिनिधिक गल्लीतील अनधिकृत घट

शितावरून भाताची परीक्षा करावी, हे विज्ञानाचे पहिले तत्त्व होय. आणि परीक्षा आहे हे कळल्यावर तेवढे एक शीत नीट शिजवून ठेवावे, हे प्रशासनाचे पहिले तत्त्व होय. ही दोन तत्त्वे सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, म्हणून जगाचा गाडा सुरळीत चालला आहे. आमच्या शहरात ती एकदा समोरासमोर आली. त्याची ही हकिकत.

महापालिकेने शहर अल्पकर्ब करायचे ठरवले, कारण शेजारच्या शहराने तसे ठरवल्याचे आयुक्तांच्या कानावर आले होते. (शेजारच्या शहराने ते आमच्याकडे बघून ठरवले होते, असे नंतर निष्पन्न झाले. सुरुवात कोणी केली याचा शोध दोन्ही शहरे अजून घेत आहेत.) अल्पकर्ब म्हणजे धूर कमी, एवढे सगळ्यांना माहीत होते. तो कुठून कमी करायचा, हे कोणालाच माहीत नव्हते. अशा वेळी आजवर अंदाज वापरला जाई आणि अंदाजाविरुद्ध कधी कोणाची तक्रार आली नव्हती. पण या खेपेला आयुक्तांनी निक्षून सांगितले की, जे काही होईल ते शास्त्रीय संशोधनाच्या आधारेच होईल. सभागृहात टाळ्या पडल्या आणि संशोधनाला तळमजल्यावरची एक खोली मिळाली. खोलीत जुन्या मोहिमांचे फलक ठेवलेले होते. ते तिथेच राहू दिले, कारण त्यांतल्या निम्म्यांवर 'स्वच्छ हवा, सुंदर शहर' असे आधीच लिहिलेले होते आणि संशोधनाचा निष्कर्ष त्याहून फार वेगळा निघणार नाही असा सर्वांचा विश्वास होता.

खोलीत विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या. त्या डॉक्टर होत्या, म्हणजे हवेच्या. पण दारावरच्या पाटीवर नुसतेच 'डॉक्टर' लिहिल्यामुळे पहिला आठवडा त्यांनी कर्मचाऱ्यांच्या पाठदुखीच्या कहाण्या ऐकण्यात घालवला. सगळ्यांना त्या एकच औषध सांगत, "चालत जात जा." विशेष म्हणजे बऱ्याच जणांना गुण आला.

बाईंच्या मदतीला नगररचना विभागातले एक उपअभियंता देण्यात आले. त्यांना सगळे पाठीमागे 'खोडरबर' म्हणत. कारण उभ्या नोकरीत त्यांनी नकाशावर नवीन असे काही काढलेच नव्हते. वरच्या साहेबांनी काढायचे, कोणाच्या तरी मेहुण्याचा प्लॉट आडवा यायचा आणि यांनी खोडायचे. त्यांनी बागा खोडल्या, पदपथ खोडले, एक शाळा तर दोनदा खोडली. त्यांचा हात इतका हलका की कागदालासुद्धा कळत नसे. संध्याकाळी घरी आल्यावर शर्टाच्या बाहीला रबराचा चुरा लागलेला असे. बायको तो झटकत विचारी, "आज काय गेलं?"

"पोहण्याचा तलाव," ते सांगत आणि हातपाय धुऊन जेवायला बसत.

तर अशा या खोडरबरांपुढे बाईंनी पहिल्याच दिवशी शहराचा नकाशा पसरला आणि अडचण सांगितली. हवा मोजायची पेटी एकच मिळाली होती आणि शहरात गल्ल्या असंख्य. तेव्हा सगळ्या बाबतींत सरासरी असलेली एक गल्ली शोधायची आणि तिच्यावरून शहराचा अंदाज बांधायचा. बाईंनी गल्ल्यांची रुंदी घेतली, गाड्यांची संख्या घेतली, झाडे, दुकाने, हॉर्न, लोकांची चालण्याची सवय आणि चालण्याची निमित्ते घेतली, आणि गणित मांडून जी गल्ली काढली ती ना चांगली ना वाईट, ना अरुंद ना प्रशस्त, ना कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती खोडरबरांचीच गल्ली निघाली. त्यांना आश्चर्य वाटले नाही. आपण सरासरी आहोत हे त्यांना शाळेपासून माहीत होते.

निवडलेल्या गल्लीचे नाव गुप्त राहील, पेटीबद्दल कसलीही चौकशी कोणी करणार नाही, असा नियम झाला. शास्त्राला गुप्तता लागतेच. गल्लीतल्या लोकांना ही बातमी दुपारच्या चहापर्यंत कळली.

आता त्या गल्लीत काय होते ते सांगायला हवे. गल्लीच्या अलीकडच्या बाजूला खोडरबरांचे घर. घरात त्यांचे वडील, आप्पा. आप्पा आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करत आले होते, आणि आता वेळच वेळ होता. समोरच्या बाजूला, बरोबर खिडकीसमोर खिडकी येईल असे, टेलरमास्तरांचे घर. मास्तरांनी मशीन विकले तरी टेप गळ्यात ठेवला होता. दोघे जुने मित्र आणि दोघांना बुद्धिबळाचा नाद. पण मधल्या रस्त्यावर गाड्या इतक्या वाढल्या आणि दोघांचे गुडघे इतके कुरकुरू लागले, की एकमेकांकडे जाणे बंद पडले. तेव्हापासून खेळ फोनवर चाले. आप्पा आपल्या खिडकीत पट मांडून बसत, मास्तर आपल्या. आप्पांच्या पटावर आप्पा जिंकत आलेले असत आणि मास्तरांच्या पटावर मास्तर. अशी सोय असल्यामुळे दोघांची झोप उत्तम होती.

तरीही आप्पांना एकदा समोर जाऊन बसायचे होते. एकदा ते एकटेच निघाले. रस्त्याच्या मध्यापर्यंत पोचले, आणि दोन्हीकडून गाड्या सुरू झाल्यावर तिथेच काठी धरून उभे राहिले. कितीतरी वेळाने एका भाजीवाल्याने त्यांना परत आणून सोडले, म्हणजे निघाले तिथेच. "हात धरून नेतो," असे मुलाने म्हटले तर आप्पा विचारत, "मी पार्सल आहे का?" खोडरबरांना हे फार लागे. आयुष्यभर त्यांनी इतके रस्ते खोडले, पण वडिलांच्या पायापुढचा एक रस्ता काही त्यांना बाजूला करता आला नव्हता.

पेटी त्यांच्या घराजवळच्या खांबावर बसली. पांढरी, चौकोनी, वर एक हिरवा दिवा लुकलुकणारा. पहिल्या महिन्याचा निष्कर्ष आला: हवा वाईट. बाईंनी तो आयुक्तांपुढे मांडला आणि खाली उपाय लिहिले: बस वाढवा, सावली करा, दुकाने, शाळा आणि घरे चालण्याच्या अंतरात ठेवा, गाडीविना माणसाचे अडू नये असे शहर आखा. आयुक्तांनी उपाय आदराने बाजूला ठेवले.

"बाई, ही गल्ली म्हणजे अख्खं शहर, असं तुमचं शास्त्र म्हणतं?"

"सांख्यिकीच्या दृष्टीनं, हो."

"म्हणजे गल्ली सुधारली की शहर सुधारलं."

"नाही सर, तसं होत नाही, कारण..."

पण इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाने तोवर पूर्णविराम दिला होता. इतिवृत्तात 'नाही' लिहायची पद्धत नाही.

पुढच्या सोमवारी प्रातिनिधिक गल्लीतून वाहनांना मनाई झाली. दोन्ही तोंडांना कुंड्या आल्या. खांबाभोवती तर कुंड्यांची इतकी दाटी झाली की पेटीला हवा लागते की नाही अशी शंका यावी. रस्त्याला सावलीसाठी कापड लागले. बाकडी आली. वाहने कुठे पाठवायची, हा प्रश्न होता. ती मागच्या गल्लीत पाठवण्यात आली, कारण मागची गल्ली सांख्यिकीच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हती. मागच्या गल्लीत खोडरबरांची सासुरवाडी होती. हा निव्वळ योगायोग होता, असे त्यांनी शपथेवर सांगितले असते, पण घरात शपथेवर कोणी विश्वास ठेवला नसता.

हवेतला कर्ब गल्लीत एक्क्याऐंशी टक्क्यांनी उतरला. गल्ली म्हणजे शहर, तेव्हा शहरातही तो एक्क्याऐंशी टक्क्यांनी उतरला. शहराला पारितोषिक मिळाले. ते घ्यायला आयुक्त विमानाने गेले, सोबत अभ्यासासाठी अकरा जण आणि त्या अकरा जणांचा अभ्यास सुरळीत व्हावा म्हणून त्यांच्या कुटुंबांतली माणसे. (विमानाचा मार्ग गल्लीवरून जात नाही, याची आधी खात्री करून घेतली होती.)

हे सगळे खोटे होते, हे खोडरबरांना कळत होते. पण मनाईच्या पहिल्याच सकाळी आप्पा काठी घेऊन उंबऱ्याबाहेर पडले आणि रस्त्यावर उतरले. मध्यावर आल्यावर सवयीने थांबले, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. काहीच येत नव्हते. समोरून मास्तर निघाले होते, तेही मध्यावर येऊन थांबले. खिडकीतून हे बघताना खोडरबरांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी ते बाहीने पुसले आणि रबराचा चुरा डोळ्यात गेला.

आता आधी कोणी कोणाच्या घरी जायचे, यावर पेच पडला. आप्पांचे म्हणणे, "तू निम्मा आलाच आहेस, पुढं ये." मास्तरांचे म्हणणेही अक्षरशः तेच होते. दोघेही मानी. शेवटी भर रस्त्यात, दोन्ही घरांपासून सारख्या अंतरावर टेबल मांडले गेले. मास्तरांनी गळ्यातला टेप काढून अंतर मोजले, आप्पांनी उलट बाजूने पुन्हा मोजले. मग दोघांनी आपापला पट आणला. दोन्ही पट शेजारी ठेवल्यावर असे दिसले की, फोनवरच्या त्या चालू डावात आप्पांच्या पटावर मास्तरांचा राजा केव्हाच संपला होता आणि मास्तरांच्या पटावर आप्पांची नुसती दोन प्यादी उरली होती. त्या दिवशी खेळ झाला नाही. दिवसभर नुसते भांडण झाले, आणि असा आनंदाचा दिवस आप्पांनी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, तुमच्या गल्लीतला धूर कमी झाला म्हणे."

"हो, म्हणजे, अजून अभ्यास चालू आहे."

"तो आमच्याकडे आलाय. घेऊन जा."

खोडरबरांनी त्यांना धोरण समजावून सांगितले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले, आणि हे लक्षण बरे नव्हे हे जावई ओळखून चुकले. "पेटी असेल तिथनं गाड्या जात नाहीत, एवढंच ना?" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या खांबावर एक पांढरी चौकोनी पेटी दिसू लागली. तो सासूबाईंच्या घरचा पावाचा डबा होता. त्याला पांढरा रंग दिला होता आणि वर नातवाच्या मोडक्या खेळण्यातला दिवा बसवला होता. दिवा हिरवा नव्हता, लाल होता. पण तो अधिक तळमळीने लुकलुकत असे.

वाहतूक विभागापुढे प्रश्न उभा राहिला. पेटी खरी की खोटी, हे विचारायची सोय नव्हती, कारण चौकशी करायला मनाई होती. विभागाने कायदेशीर सल्ला घेतला. सल्ला असा आला की, जी पेटी खोटी असल्याचे सिद्ध करता येत नाही ती खरी समजावी. मागची गल्ली वाहनांना बंद झाली, कुंड्या आल्या, कापड लागले, आणि वाहने तिच्याही मागच्या गल्लीत गेली.

यापुढचे सांगण्यासारखे नाही, कारण ते कोणालाही सुचेल. एकीचे पाहून दुसरीने, दुसरीचे पाहून तिसरीने असे करत गल्लीगल्लीत पेट्या उगवल्या. चपलांची खोकी लागली, शिवणयंत्राची झाकणे लागली, एका दंतवैद्याने अवजारे उकळायचा जुना डबा लावला. एका ठिकाणी पक्ष्याचे घरटे असलेले खोकेच रंगवून टांगले होते, आणि आतला पक्षी दिव्याची जबाबदारी स्वतः सांभाळून दर थोड्या वेळाने डोके बाहेर काढी. एका गल्लीने नुसतीच 'येथे पेटी होती' अशी पाटी लावली, तर तिथेही कुंड्या आल्या. नगरसेवकांच्या गल्ल्यांत दोन-दोन पेट्या लागल्या, त्यातली एक राखीव.

गाड्या एका गल्लीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशा हाकलल्या जाता जाता शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर पोचल्या आणि तिथे गोल फिरू लागल्या. काही सज्जन सकाळी ऑफिसला म्हणून निघत आणि संध्याकाळी ऑफिसला न पोचता घरी येत. त्यांच्या कामात त्यामुळे फरक पडला असे कोणी म्हटले नाही. बहात्तर टक्के लोकांनी कंटाळून गाडी घरी ठेवली आणि ते चालू लागले. उरलेल्यांपैकी निम्मे बसने जाऊ लागले. बाकीच्यांचे मत घेता आले नाही, कारण ते अजून वळणरस्त्यावर होते.

लोक चालू लागल्यावर लक्षात आले की पोस्ट फार लांब नाही, शाळा त्याहून जवळ आहे, आणि बहिणीचे घर गाडीने जायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या आत पायी येते. बहिणींना हे तितकेसे रुचले नाही. कावळे परत आले. एका घरात एक जोडपे एकमेकांशी बोलताना आढळले. पूर्वी हॉर्नमुळे नीट ऐकू येत नसे, आता ऐकू आल्यावर त्यांनी पुन्हा बंद केले.

बाईंचा अर्थातच जीव वर-खाली होत होता. त्यांनी विद्यापीठातून दुसरे, हातात धरून नेता येईल असे यंत्र मागवले आणि त्या आणि खोडरबर शहरभर पायी हिंडले. प्रत्येक गल्लीत थांबले, प्रत्येक गल्लीत आकडा खाली. शेवटी एका बाकड्यावर बसून बाईंनी आकडे तीनदा तपासले.

"उतरलाय हो. खरोखर उतरलाय. सगळीकडे."

"पण पेट्या तर खोट्या आहेत," खोडरबर म्हणाले.

"हवा खरी आहे ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसूच आवरेना. मग खोडरबरांनाही आवरेना. एक शासकीय कर्मचारी आणि एक शास्त्रज्ञ भर कामाच्या वेळेत बाकड्यावर बसून पोट धरून हसत असल्याची तक्रार त्याच दिवशी महापालिकेत नोंदली गेली.

बाईंनी अहवाल दिला: प्रत्येक गल्लीने स्वतःपुरती फसवणूक केली, आणि सगळ्यांनी एकदम केल्यामुळे ती खरी ठरली. आयुक्तांनी अहवाल वाचला आणि ते गंभीर झाले. एका गल्लीत धूर कमी होणे ही सुधारणा असते. सगळीकडे कमी होणे हा प्रकार विचारल्याशिवाय झालेला असतो. तातडीने समिती बसली. समितीने पंधरवड्यात निर्णय दिला तो असा: सदर घट ही विनापरवाना पेट्यांमुळे उद्भवलेली आहे, सबब ती अनधिकृत घट असून, ती नियमित करण्याची तरतूद नसल्याने निष्कासित करण्यात यावी.

अतिक्रमण विभागाच्या गाड्या आल्या. (बस सोडल्या तर शहरात तेवढ्याच गाड्या धावत असल्यामुळे लोक कौतुकाने बघायला आले.) खरी पेटी ओळखता येत नसल्याने सगळ्याच काढल्या. खरी भंगारात गेली. बाईंना, शासकीय मालमत्ता म्हणून, सही घेऊन पावाचा डबा परत करण्यात आला. त्यात अर्धा पाव होता. पक्ष्याने सही करायला नकार दिला, म्हणून तेवढे एक प्रकरण प्रलंबित आहे. आणि बुधवारी सकाळी कुंड्या बाजूला झाल्या, वळणरस्त्यावरून वाहने शहरात सोडण्यात आली, आणि ती मोठ्या उत्साहाने सगळ्यांत आधी प्रातिनिधिक गल्लीत शिरली.

तिथे भर रस्त्यात आप्पा आणि मास्तर बसले होते.

आयुक्तांनी खोडरबरांना गल्ली मोकळी करायला पाठवले. ते पोचले तेव्हा एका ट्रकचे नाक टेबलापासून हातभर अंतरावर होते, मागे पार कोपऱ्यापर्यंत रांग होती आणि हॉर्नचा कल्लोळ चालला होता. दोघा म्हाताऱ्यांचे डोके पटावर.

"आप्पा, उठावं लागेल."

"खेळ संपू दे."

"कधी संपेल?"

"हा सारखी चाल परत घेतो. मी काय सांगू?"

"माझा वजीर अडकलाय," मास्तर म्हणाले, "आणि याला गाड्यांचं पडलंय."

एवढ्यात ट्रकवाला खाली उतरला. तो शिव्या द्यायला उतरला होता, पण पट पाहून म्हणाला, "काका, घोडा काढा आधी." मागच्या गाडीतला वकील म्हणाला की घोडा काढला तर हत्ती जाईल. त्यावर एका स्कूटरवाल्या बाईंनी दोघांनाही वेड्यात काढले. बघता बघता दोन तट पडले. हॉर्न बंद झाले, कारण हॉर्न वाजवणारे सगळे टेबलाभोवती उभे होते.

आप्पांनी मान वर करून मुलाकडे पाहिले. "तू आज खोडायला आलायस का मला?" त्यांनी विचारले. रागाने नव्हे, नुसते विचारले.

खोडरबर तसेच मागे वळले. ते पायीच ऑफिसात गेले, नकाशा काढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा रबर बाजूला ठेवून शाईचे पेन घेतले. प्रातिनिधिक गल्लीच्या बरोबर मध्यावर त्यांनी एक गोल काढला आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'वाहतूक बेट, कायमस्वरूपी'. मग नियमांचे पुस्तक उघडून हिशेब मांडला. गल्लीची रुंदी नऊ मीटर. दोन खुर्च्या, एक टेबल आणि मास्तरांचा दुखरा पाय लांब केल्यावर बेट होते तीन मीटरचे. दोन्ही बाजूंना उरले तीन-तीन. वाहन जायला नियमाने साडेतीन लागतात. म्हणजे बेट कायदेशीर, आणि बेट असेपर्यंत गल्ली वाहनांना बंद हेही कायदेशीर. बाईंनी शास्त्रीय शिफारस जोडली. पावाच्या डब्यावर ठेवून सही केली.

आयुक्तांनी फोनवर सांगितले, "खोडा ते."

"शाईनं काढलंय, साहेब."

"मग कोणाकडनं तरी खरवडून घ्या."

"खोडायचं काम विभागात एकच माणूस करतो, साहेब, आणि तो आजपासून रजेवर आहे."

रजेच्या अर्जावर कारण लिहिले होते: वडिलांचा डाव चालू आहे. घरी गेल्यावर बायकोने सवयीने बाही झटकली. चुरा पडला नाही, शाईचा डाग मात्र होता. "आज काय गेलं?" तिने विचारले. खोडरबर म्हणाले, "आज आलं," आणि खुर्ची उचलून बाहेर रस्त्यावर जाऊन बसले.

पुढचे पुन्हा कोणालाही सुचेल असेच आहे. बेट खोडता येईना, म्हणून नियमात त्याची व्याख्याच करण्यात आली: 'समोरासमोरच्या घरांतील, एकमेकांना ओळखणाऱ्या किमान दोन व्यक्ती, बसलेल्या.' दुसऱ्याच दिवशी सासूबाई मागच्या गल्लीत खुर्ची टाकून बसल्या. समोर त्यांच्या हाडवैरी शेजारीणबाई. त्यांच्यात बुद्धिबळ वगैरे नव्हते, जुने भांडण होते. पण व्याख्येत वैराला बंदी नव्हती आणि भांडणाचा मसाला इतका होता की ते बेट वर्षानुवर्षे हलणार नाही असा अभियंत्यांचा निर्वाळा आहे. तिसऱ्या गल्लीत दोन विहिणी बसल्या. चौथीत एक न्हावी आणि त्याचे कायमचे गिऱ्हाईक. पाचवीत दोन लहान मुली बाहुलीचा दवाखाना घेऊन. हवा पुन्हा उतरली, आणि या वेळी ती संपूर्णपणे अधिकृत होती. शेजारच्या शहराने अभ्यासासाठी माणसे पाठवली आहेत. ती चालत येत आहेत, त्यामुळे अजून पोचायची आहेत.

आप्पांचा डाव अजून चालू आहे. मास्तर चाल परत घेतात, आणि आता आप्पाही घेऊ लागले आहेत.

संशोधनाच्या शेवटी बाईंनी जो निष्कर्ष काढला तो तेवढा सांगून टाकतो. शहरातला जवळजवळ सगळा उरलेला धूर आता एकाच गल्लीत आहे. शहरात गाड्या उरल्या आहेत तेवढ्या सगळ्या तिथूनच जातात, कारण त्या गल्लीला बेट करता आलेले नाही. तिथे खुर्च्या भरपूर आहेत. रहिवासी सुशिक्षित आहेत, हवामानाबद्दल त्यांना मनापासून काळजी आहे, या विषयावरचे लेख ते आवडीने वाचतात, हसण्याच्या जागी हसतातही. पण पाहणीत एकच प्रश्न विचारला, समोरच्या घरात कोण राहते, तर प्रत्येकाने थोडा विचार करून सांगितले, "कोणीतरी राहतं बहुतेक. दिवा लागतो."

शास्त्राच्या नियमाप्रमाणे त्या गल्लीचे नाव गुप्त आहे आणि ते आम्ही सांगणार नाही. हे वाचायला बसताना बाहेरच्या गाड्यांचा आवाज नको म्हणून तुम्ही खिडकी लावून घेतली असेल, तर सांगायची गरजही नाही.